नांगरतास

पूर्णेला पाणी नाही म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. गावालाच नदीचं नाव. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा आमच्या तालुक्यातच गोदावरीला मिळते. नकाशावर बघितलं तर आमच्यासारखे सुखी आम्हीच. पण वर येलदरी अन् सिद्धेश्वर भरले तर खाली नदी, नाहीतर वाळू. २०१५ साली वाळूच होती. मृग थोडा बरसला, त्या भरवशावर सोयाबीन-कापूस पेरला, अन् पुढं जुलै अख्खा कोरडा. मघा लागल्या तरी ढोरांना पाणी हापशावरूनच.

अशा दिवसांत फिरायला जाणं म्हणजे लोकांच्या तोंडाला विषय. पण भाचा वनरक्षक, त्याची नेमणूक आंबोलीला. बहिणीला पोराचं बिऱ्हाड बघायचं होतं. तिच्या सोबतीला मी निघालो अन् दादालाही ओढला. दादा म्हणजे थोरला, शेत तोच बघतो. "राखण तरी कशाची करू, ढेकळांची?" म्हणाला अन् पिशवी भरली.

नागपूर-कोल्हापूर गाडी आमच्या स्टेशनावरूनच जाते. परळी, लातूर, पंढरपूर, मिरज. लातूरपर्यंत खिडकीबाहेर सगळं आपल्यासारखंच, करपलेलं. कोल्हापूरहून एसटी धरली. आजरा मागं पडलं अन् पाऊस लागला, तो आम्ही परत निघेपर्यंत थांबलाच नाही. चहाच्या टपरीवाला मात्र कुरकुरत होता, "यंदा पाऊस कमीच आहे." दादानं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी घाईनं भज्यांची ऑर्डर दिली.

आम्हाला जंगल म्हणजे किनवटकडचं, सागाचं. उन्हाळ्यात पानं गाळून मोकळं होणारं. इथलं सदाहरित. पानं गळतात कधी, फुटतात कधी, कळतच नाही. खोडावर शेवाळ, शेवाळावर नेच्याची रोपं, त्यांच्यावरून पुन्हा कुठला तरी वेल. एका झाडावर दहा जणांचा संसार. भर दुपारी आत संध्याकाळ. कुठून तरी बेडकांचं ओरडणं सारखं चालू. भाच्यानं एक पिवळसर, छोटासा दाखवला. म्हणाला, "मामा, हा आंबोलीशिवाय फारसा कुठं दिसत नाही. नावच आंबोली टोड."

जळवा मात्र सगळ्यांना दिसतात. बहिणीच्या घोट्याला दोन लागल्या तशी ती किंचाळली. दादानं शांतपणे चंची काढली, ओली तंबाखू चोळली, जळवा गळून पडल्या. "तरी सोड म्हणता तंबाखू," एवढंच बोलला. दोन दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं हसरं वाक्य.

मोठ्या धबधब्यावर गर्दीच गर्दी. मोटारींची रांग, कणसं, सेल्फी, भिजलेली पोरं. दादा तिथं पाच मिनिटं थांबला नसेल. "हे पाणी कुठं जातं?" त्यानं विचारलं. भाचा म्हणाला, "खाली कोकणात, तिथून समुद्रात." "अन् मधी कुणी अडवत नाही?" भाचा काय सांगणार? त्यानं आपलं शिकलेलं सांगितलं. समुद्रावरचे ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, गार होतात अन् इथंच रिते होतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्या परभणीला चांगल्या साली आठ-नऊशे. डोंगर ओलांडून जे येतं ते उरलंसुरलं.

"म्हंजे हा डोंगर आडवा हाय," दादा म्हणाला. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया हा शब्द मी शाळेत पाठ केला होता. दादाच्या तोंडून तो भावकीच्या बांधासारखा ऐकू आला.

हिरण्यकेशीचा उगम गुहेत आहे, पुढं कुंड. त्याच कुंडातून २०२० मध्ये माशाची नवीन जात नोंदवली गेली अन् पुढच्या साली ती जागा वारसास्थळ झाली. आम्ही गेलो तेव्हा नुसती शांतता होती. ही नदी उलटी, पूर्वेला जाते. घटप्रभेला, मग कृष्णेला. एकाच गावचा पाऊस, निम्मा अरबी समुद्राला, निम्मा बंगालच्या उपसागराला. ते ऐकून दादा कुंडाजवळ बराच वेळ बसला.

परतताना नांगरतासला उतरलो. आजऱ्याच्या रस्त्यालगतच आहे. पाणी काळ्या कातळातल्या अरुंद, खोल घळीत उडी मारतं, खाली नुसता घुमणारा आवाज. भाचा नावाची काही कथा सांगायला लागला, तर दादानं हातानं थांबवलं. "सांगू नको. दिसतंय की. तास हाय ते." कठड्याला धरून तो त्या घळीकडं बघत राहिला, नांगरलेल्या रानाकडं बघावं तसा. सरळ किती, खोल किती. पावसानं टोपी भिजून कपाळावर आली होती, ती त्यानं सारली नाही. बहिणीनं माझा हात दाबला. आम्ही दोघं बाजूला जाऊन उभे राहिलो.

घरी आलो तर सोयाबीन गेलंच होतं. पोळा झाला, बैलांना बेगड लावलं, पण पुरणाला चव नव्हती. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. आम्ही ज्या रुळांवरून गेलो होतो त्याच रुळांवरून. टीव्हीवर टाक्यांच्या वाघिणी बघून दादानं भाच्याला फोन लावला.

"त्यात हिरण्यकेशीचं असंल का रे?"

"नाही मामा. ती कृष्णेला मिरजेच्या बरीच खाली मिळते."

दादानं 'बरं' म्हटलं अन् तिकडं कडब्याचा भाव काय चाललाय ते विचारलं.