अळणी पाणी

कोंबडीची हाडे पाण्यात दीर्घकाळ शिजवून जो पातळ पदार्थ उरतो, त्याला मराठीत एकच असे सर्वमान्य नाव नाही. 'सूप' म्हणावे, तर आपल्या घरात सूप म्हणजे आधी धान्य पाखडायचे साधन. संस्कृतातला 'सूप' म्हणजे डाळीचे कालवण. पाकविद्येला 'सूपशास्त्र' म्हणतात ते त्यावरून. इंग्रजांच्या सूपाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे, पण पदार्थ एक नव्हे. 'रस्सा' म्हटले की मसाला आला, तवंग आला. 'सार' म्हटले की कोकम किंवा टोमॅटो डोळ्यांसमोर येतो. आयुर्वेदाजवळ 'मांसरस' हा नेमका शब्द आहे. पण तो ग्रंथातून उठून कधी चुलीपर्यंत आला नाही.

आमच्या कोल्हापूरकडे मात्र ह्याला 'अळणी' म्हणतात, किंवा 'अळणी पाणी'. हळद, मीठ, आले, लसूण एवढ्यावर मटण किंवा कोंबडी शिजवली की जे पाणी सुटते ते अळणी. पुढे त्यातूनच नारळाचे दूध घालून पांढरा रस्सा होतो आणि कांदा-लसूण मसाला घालून तांबडा. तेव्हा अळणी ही दोन्ही रश्शांची आई. गंमत अशी, की अळणी म्हणजे मिठावाचूनचे. पण आमच्याकडच्या अळणीत मीठ असतेच. नसते ते तिखट. ज्या गावात तिखट हीच चवीची व्याख्या, तिथे तिखटावाचून जे आहे ते अळणीच ठरणार. पदार्थाला जे आहे त्यावरून नाव न देता जे नाही त्यावरून द्यावे, हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांना अनोळखी वाटू नये.

ह्या अळणीला आम्ही आता विजेवर चालणारा प्रेशर कुकर लावतो. ह्यावर आमच्या परिचितांत दोन तट आहेत. एकांच्या मते चुलीवर रटरटल्याशिवाय रस उतरतच नाही. दुसऱ्यांना यंत्राचे एवढे कौतुक, की रस उतरला काय नि न उतरला काय. इतिहास मात्र यंत्राच्या बाजूचा आहे. देनी पापँ ह्या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचे, वाफ कोंडणारे जे भांडे तयार केले, ते मुळात हाडे मऊ करण्यासाठीच. भात-वरणासाठी त्याचा उपयोग लोकांना पुष्कळ नंतर सुचला. १६८२ च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना ह्या भांड्यांत शिजवलेले जेवण मिळाले आणि जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. हाडे चीजसारखी मऊ झाली होती आणि त्यांच्यापासून जेलीही केली होती. म्हणजे प्रेशर कुकरची पहिली गाजलेली पंगत ही एका अर्थी अळणीचीच पंगत होती.

भांड्याच्या आत घडते ते असे. पुण्यासारख्या साधारण साडेपाचशे मीटर उंचीच्या गावी उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि जाळ कितीही वाढवला तरी त्यापुढे जात नाही. कोंडलेल्या वाफेखाली तेच पाणी ११५ अंशांच्या घरात पोहोचते. हाडांच्या टोकांशी, कातडीत, कूर्चेत आणि पायाच्या पंजांत कोलॅजेन नावाचे तंतू असतात, तिपेडी वेणीसारखे पिळलेले. उष्णतेने ही वेणी उकलते आणि तिचे जिलेटिन होऊन पाण्यात उतरते. उघड्या पातेल्यात ह्याला चार-पाच तास लागतात, कुकरात तासभर पुरतो.

आम्ही साधारण दीड किलो पाठी, माना आणि पंजे घेतो. पंजे तर चिकनवाला वजनकाट्यावर न धरताच पिशवीत टाकतो. आधी साध्या पातेल्यात एक उकळी आणून ते पहिले पाणी ओतून देतो. फेस आणि वशाट वास त्याबरोबर जातो. मग सहा लिटरच्या भांड्यात अडीच लिटर ताजे पाणी, एक कांदा, बोटभर आले, सहा-सात पाकळ्या लसूण, दहा-बारा मिरे, चिमूटभर हळद. बॉयलर कोंबडीला दाबाखाली एक तास, गावठीला दीड. वेळ संपल्यावर वाफ एकदम सोडायची नाही. दाब अचानक उतरला की आतले पाणी खवळते, चरबी पाण्यात घुसळली जाते आणि अळणी गढूळ होते. अर्धा-पाऊण तास भांडे आपोआप निवू द्यावे. गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, की सकाळी वर चरबीचा पिवळा थर आणि खाली थरथरणारी जेली. ती थरथरली नाही, तर पंजे कमी पडले असे समजावे.

एवढ्याने पोषण होते का? चरकसंहितेच्या अन्नपानविधीच्या अध्यायात मांसरसाची मोठी प्रशंसा आहे. व्याधीतून उठलेल्याला, रोडावलेल्याला, बल आणि कांती इच्छिणाऱ्याला तो सांगितला आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ ह्या ज्यू वैद्यानेही आजाऱ्याला कोंबडीचे पाणी द्यायला सांगितले. अलीकडे, २००० साली, अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातील स्टीफन रेनार्ड आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या सुपाने विशिष्ट पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते असे दाखवले. मात्र ते प्रयोगशाळेत, रोग्याच्या देहात नव्हे. उलट बाजूला फ्रान्समधला अनुभव आहे. तिथे हाडांच्या जिलेटिनवर गरिबांना आणि रुग्णालयांतील रोग्यांना पोसता येईल अशी आशा अनेक वर्षे बाळगली गेली. फ्रांस्वा माजाँदीच्या समितीने १८४१ साली ती मोडीत काढली. नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. आज त्याचे कारणही ठाऊक आहे. देहाला अवश्य असणारी काही अमिनो आम्ले त्यात नाहीत किंवा पुरेशी नाहीत. तेव्हा अळणी हे अन्न नव्हे. ते अन्नाकडे नेणारे काहीतरी आहे. ते काय, हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे वडील, आबा, कोविडमधून उठले. पण त्यांचा वास गेला. त्या दोन वर्षांत हे अनेकांच्या घरी घडले. आबांच्या बाबतीत त्याला निराळे वजन होते, कारण आमच्या घराण्यात नाक म्हणजे आबा. पायऱ्या चढतानाच खालच्या मजल्यावरच्यांनी मसाला करपवला की नाही हे ते सांगत. आता त्यांना सगळे अन्न पुठ्ठ्यासारखे लागू लागले. दोन घास खाऊन ताट सारत. वजन उतरत चालले. डॉक्टरांनी प्रथिने वाढवायला सांगितली. पण घास घशाखाली उतरेल तेव्हा ना!

अळणी तेवढी ते घेत. त्याचे कारण आम्हाला हळूहळू उमगले. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. वास गेल्यावर जिभेजवळ गोड, आंबट, खारट, कडू एवढेच उरते, आणि पाचवी ती उमामी. ती किकुनाए इकेदा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ओळखली, तीही समुद्रशेवाळाच्या पाण्यातच. अळणीत मीठ होते, ही पाचवी चव होती, ऊब होती, आणि जिलेटिनमुळे अंग होते. "ओठाला चिकटतंय," आबा म्हणत. चिकटणे त्यांना कळत होते. जगाशी तेवढा धागा शिल्लक होता.

इथे यंत्राने एक अनपेक्षित गोष्ट केली. आई होती तेव्हा घरात कोणी आजारी पडले की ती चुलीपाशी उभी असे. फेस काढणे, जाळ कमी-जास्त करणे, पाणी घालणे. आजाऱ्याची चौकशी ती पातेल्यामार्फत करी. आमचा कुकर एक बटण दाबल्यावर आमच्याकडे काही मागत नाही. शिट्टी होत नाही. झाकणावरची छोटी खिट्टी वर येते आणि भांडे मुके होते. वासही कोंडलेलाच, शेजारधर्माच्या दृष्टीने ही सोय थोडी नव्हे. पण त्यामुळे दोन तास हात रिकामे राहतात, आणि आजाऱ्याच्या खोलीत जाऊन बसण्यावाचून काही काम उरत नाही. पातेले ढवळणे त्या मानाने सोपे होते. आजारी बापाशी काय बोलायचे?

विषय आबांनीच काढला. झाकण उघडून वाटी आणली की ते विचारत, "वास कसा येतोय?" आम्ही म्हणालो, छान येतोय. "छान म्हंजे?" मग म्हणालो, खमंग. त्यावर ते उसळले. "शेंगदाणं भाजल्यात काय? मास्तर, पाण्यात शिजल्याला खमंग म्हणत न्हाईत."

त्यांचे बरोबर होते. खमंगपणा भाजण्या-तळण्याचा, पाणी आहे तोवर भांड्यातली उष्णता त्या पायरीला फारशी पोहोचत नाही. मग रोज संध्याकाळी आमचा भाषेचा तास सुरू झाला. वासाला मराठीत शब्द किती आहेत, ह्याचा हिशेब आम्ही तोवर कधी केला नव्हता. दरवळ, घमघमाट, खरपूस, करपट, जळकट, उग्र, कुबट, आंबूस, ओशट, वशाट. त्यांतले कितीतरी बिघडलेल्या वस्तूंसाठी. चांगल्या वासाशी आलो की भाषा लवकर दमते. आबा एकेक शब्द पारखून घेत. उग्र मिऱ्याला चालेल, लसणीला नाही. शिजलेली लसूण गोडूस होते. दरवळ फुलांचा, पातेल्याचा दरवळ म्हणणे म्हणजे वर्तमानपत्री मराठी. ज्याला वास येत नव्हता तो माणूस, ज्यांना येत होता त्यांची भाषा दुरुस्त करीत होता.

आठ-दहा दिवसांनी आमचे शब्द संपले. त्या दिवशी आम्ही वासाचे नाव घेतलेच नाही. म्हणालो, रंकाळ्यावरून येताना पावसाने गाठावे, भिजून घरात शिरावे, आणि अंगणातून आत पाऊल टाकताच स्वयंपाकघराकडून जे येते ते. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हां. म्हंजे आलं जास्त पडलंय." खरोखरच पडले होते. पावसात कोणी भिजून आले की आई अळणीत आले वाढवीत असे. हे आम्ही विसरलो होतो, ते विसरले नव्हते. ती वाटी त्यांनी संपवली आणि मागून अर्धी भाकरी घेतली.

वर्गात आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो, की रस हा कधी वाच्य नसतो. आनंदवर्धनाने हे नवव्या शतकात मांडले, आणि मम्मटाने रसदोषांच्या यादीत स्वशब्दवाच्यतेला जागा दिली. शृंगार हा शब्द उच्चारून शृंगार होत नाही. विभाव-अनुभाव उभे करावे लागतात. परीक्षेत ह्यावर टीप येते आणि विद्यार्थी ती चांगली लिहितात. पण 'छान' आणि 'खमंग' हे स्वशब्दवाच्यतेचे दोष आहेत आणि पावसातले अंगण हा विभाव आहे, हे आम्हाला आबांच्या खाटेपाशी कळले. भरताने रसाचे स्पष्टीकरण करताना स्वयंपाकाचाच दृष्टांत घेतला आहे: नाना व्यंजनांनी संस्कारिलेले अन्न खाणारे सुमनस लोक जसे आस्वाद घेतात, तसे प्रेक्षक. दृष्टांतातला 'सुमनस' हा शब्द आपण घाईत ओलांडतो. खाणाऱ्याचे मन ठिकाणावर नसेल तर काय? अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक आहे. आजारपण म्हणजे दुसरे काय असते? त्या विघ्नावर त्याने गीत-वाद्ये, रंगमंडपाची शोभा असे उपाय सांगितले. म्हणजे रसाच्या आधी माणसाला त्याच्या दुःखातून थोडे बाहेर काढावे लागते. अळणी एकटी ते करू शकत नव्हती, आणि आमचे बोलणेही एकटे करू शकले नसते. वाटी हातात होती म्हणून बोलणे पोकळ झाले नाही. बोलणे होते म्हणून वाटी औषधाची झाली नाही.

ह्यावरून साहित्याने रोग बरे होतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. आबांचे वजन अंडी, डाळ आणि काळ ह्यांनी भरून आले. भूक मात्र कशाने तरी चाळवावी लागते, आणि ती चाळवली गेली.

असो. वास पुढे चार-पाच महिन्यांनी परतू लागला, तोही वाकड्या वाटेने. कॉफीला जळक्या रबराचा वास येई. साबणाला कसलाच नाही. एका रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे हाडांना उघड्या पातेल्यात पहिली उकळी आणीत होतो. बाहेरच्या खोलीतून आबांची हाक आली, आणि आवाजात जो आनंद होता तो पुरणपोळीच्या वासानेही आला नसता.

"पहिलं पाणी टाकलं न्हाई वाटतं अजून? वशाट येतंय रे, वशाट!"