पंक्तीतले पान

प्रवासाला निघालेल्या कुटुंबात सर्वाधिक चर्चा होते ती मुक्कामाची, आणि त्याखालोखाल पाहावयाच्या स्थळांची. जेवायचे कोठे, हा प्रश्न बहुधा भूक लागल्यावरच आठवतो आणि समोर दिसेल त्या पाटीखाली सुटतो. ज्या घरात कोणी सूर्यास्तापूर्वी जेवणारे व कंदमूळ वर्ज्य केलेले असते, त्या घरात मात्र तो इतक्या सहजपणे सुटत नाही. तो पुढे ढकलला जातो आणि त्याचा भार एकाच व्यक्तीवर पडतो. सांगलीच्या एका कुटुंबात हा भार गेली वीस-बावीस वर्षे आजी वाहत होत्या.

आजींची रीत ठरलेली होती. प्रवासात त्यांच्या पिशवीत गाळलेल्या पाण्याची बाटली आणि स्टीलचा एक डबा असे. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन रव्याचे लाडू. घरची मंडळी हॉटेलात शिरली, की आजी म्हणत, ‘‘मला भूक नाही. तुम्ही सावकाश जेवा.’’ मग त्या गाडीत बसून राहत, नाहीतर टेबलाच्या टोकाला बसून इतरांची ताटे येताना पाहत. त्यांच्या बोलण्यावर सर्वांचा विश्वास होता, कारण तसा विश्वास ठेवणे सर्वांच्या सोयीचे होते. एकदा महाबळेश्वरहून परतल्यावर सुनेने तो डबा विसळायला घेतला, तेव्हा त्यात चटणीचा कणही उरला नव्हता. भूक नसलेल्या माणसाचा तो डबा नव्हता. सुनेला ते कळले, पण ती काही बोलली नाही.

त्या वर्षी दशलक्षण पर्व पार पडले, क्षमावाणीला सर्वांनी एकमेकांची क्षमा मागितली आणि चार दिवसांनी हे कुटुंब कासचे पठार पाहायला निघाले. मुलगा, सून, पुण्यात नोकरी करणारी नात, महाविद्यालयात शिकणारा नातू आणि आजी. पेठ, कऱ्हाड करीत महामार्गाने साताऱ्याला जायचे, कास पाहून मुक्कामाला शहरात उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, असा बेत होता. नातवाची एकच अट होती. साताऱ्यात जाऊन पनीर खायचे नाही. साताऱ्याचे म्हणून जे असेल तेच खायचे. नातीने त्यात आपली अट मिळवली. ‘‘आणि जिथे आजीचं पान मांडलं जाईल, तिथेच बसायचं. नाहीतर सगळ्यांनीच डबा खायचा.’’

नातीच्या या आग्रहामागे तिचा एक ताजा अनुभव होता. काही महिन्यांपूर्वी कंपनीच्या कामासाठी ती रोमला गेली होती. इटलीत जेवणाचा अभिमान देशापेक्षा गावाचा आणि प्रांताचा असतो. रोमचे पदार्थ वेगळे, बोलोन्याचे वेगळे, नेपल्सचे वेगळे. म्हणून तिनेही रोमचाच पदार्थ निवडला. ‘काचो ए पेपे’ म्हणजे पास्ता, मेंढीच्या दुधाचे चीज आणि काळी मिरी. मांस नाही, कांदा नाही, लसूण नाही. वयस्क वाढप्याला तिने एकेक विचारून घेतले आणि तो प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणत गेला. शेवटी तिने हे सारे विचारण्याचे कारण सांगितले, तेव्हा तो थबकला. मग त्यानेच सांगितले, की हे पेकोरिनो चीज घट्ट करण्यासाठी कोकराच्या जठरातले रेनेट वापरतात. तेव्हा हा पदार्थ तुमच्यासाठी नाही. त्याने तिला टोमॅटो आणि ऑलिव्हच्या तेलातला, अंडे नसलेला पास्ता करून आणला. त्या दिवशी नातीला एक गोष्ट उमगली. परक्या गावात अन्नाची खात्री पाटीवरून पटत नाही. ‘हे तुम्हाला चालणार नाही’ असे सांगणाऱ्या माणसावरून पटते.

कासवर त्या दिवशी ऊन आणि ढग यांचा खेळ चालला होता. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासचा समावेश आहे. पावसाळ्याच्या अखेरीस त्या खडकाळ पठारावर तेरडा, सोनकी, पांढरे गेंद आणि सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. आजी आखलेली पायवाट न सोडता, एकेक पाऊल पाहून टाकीत चालल्या. दुपारी सर्वांनी डब्यातलेच थोडे थोडे खाल्ले आणि चारच्या सुमारास गाडी घाट उतरून साताऱ्यात आली.

आता घड्याळाशी गाठ होती. सप्टेंबरच्या अखेरीस तेथे साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. आजींचा नियम सूर्यास्तापूर्वी दोन घटकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा. पावणेसहाच्या आत हात धुवायला हवेत. आणि गावातल्या बहुतेक खानावळी दुपारी तीनला चूल शांत करून सातला पुन्हा पेटवणाऱ्या.

पहिले हॉटेल मोठे होते. दारातच ‘जैन थाळी मिळेल’ अशी पाटी. मुलाला हायसे वाटले. व्यवस्थापक म्हणाला, ‘‘काही काळजी करू नका, सगळं करून देतो.’’ नातीने विचारले, ‘‘भाजीचा रस्सा कशाचा?’’ रस्सा सकाळीच एकत्र करून ठेवलेला होता. ‘‘कांदा दिसणार नाही असा गाळून देतो,’’ असे उत्तर आले. त्या माणसाच्या मनात कपट नव्हते. ‘जैन’ या शब्दाचा अर्थ त्याच्या लेखी ‘दिसणार नाही’ एवढाच होता. शिवाय यादीत पनीर होते, कोफ्ता होता, साताऱ्याचे काहीच नव्हते. मंडळी बाहेर पडली.

दुसऱ्या ठिकाणी अस्सल सातारी जेवणाची ख्याती होती. पण तेथले अस्सल म्हणजे मटण आणि तांबडा रस्सा. शाकाहारी ताट मिळत होते, मात्र पळी एकच होती. नातवाने दारातूनच मागे वळून पाहिले आणि न बोलता गाडीत येऊन बसला. पाच वाजत आले होते. आजी हळूच म्हणाल्या, ‘‘अरे, मला खरंच भूक नाही. तुम्ही जेवून घ्या.’’ यावेळी कोणीच हलले नाही.

राजपथालगतच्या एका गल्लीत तिसरी जागा सापडली. खाली चार टेबलांची खानावळ, वर मालकिणीचे बिऱ्हाड. त्या बाई दारात बसून घेवडा निवडत होत्या. मंडळींना पाहून त्यांनी आधीच सांगितले, ‘‘सात वाजल्याशिवाय जेवण नाही.’’ नातीने आजींचे नियम सांगितले. बाईंनी मान हलवली. ‘‘मग तुम्हाला चालायचं नाही, ताई. आमची चटणी कांदा-लसणाची. वरून कांदा नाही घातला, तरी चटणीतनं जातोच की.’’

नातीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच समाधान दिसले. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ‘चटणी’ म्हणजे ताटातले तोंडीलावणे नव्हे. वर्षभरासाठी कुटून ठेवलेला तो लाल मसाला, आणि त्यात कांदा-लसूण हमखास. ‘कांदा-लसूण घालता का’ या प्रश्नाला आचारी मनापासून ‘नाही’ म्हणतो आणि चमचाभर चटणी घालतो. विचारायला हवे ते ‘चटणी कोणती’ हे, आणि या बाईंनी न विचारता सांगितले होते. सुनेने मग पुढचा प्रश्न केला. ‘‘तुमच्या घरात कुणी माळकरी आहे का हो?’’

बाईंचे हात थांबले. त्यांच्या सासूबाई माळकरी होत्या. चातुर्मासात वरच्या घरी कांदा-लसूण येत नसे. सासूबाईंसाठी तवा निराळा, पातेली निराळी, तिखटाची बरणीही निराळी. ‘‘पण ते घरचं साधं जेवण. गिऱ्हाइकाला कसं द्यायचं?’’ नातू पटकन म्हणाला, ‘‘मावशी, आम्ही तेच शोधत फिरतोय.’’

मराठी मुलखाच्या स्वयंपाकाला दोन अंगे आहेत. एक झणझणीत, पाहुण्यांना दाखवायचे. पाट्यांवर तेच झळकते. दुसरे नैवेद्याचे, एकादशीच्या आदल्या-नंतरच्या दिवसांचे, माळकऱ्यांचे आणि चातुर्मासाचे. तेही तितकेच जुने आणि तितकेच त्या मातीतले. परंपरागत जेवण शोधणारा प्रवासी पहिल्यावरून दुसऱ्याची कल्पना करू शकत नाही आणि जैन प्रवासी तर पहिल्यातूनच काही वजा करून मागत राहतो. मागावयाचे असते ते दुसरेच. ते प्रत्येक गावात असते, बहुधा माडीवरच्या चुलीवर.

पुढच्या अर्ध्या तासात त्या चुलीवर जे शिजले, ते असे. सकाळपासून भिजत घातलेल्या घेवड्याची आमटी, शेंगदाण्याचे कूट आणि जिरे घालून. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. साताऱ्याचे म्हणावे असे धान्य याहून कोणते? जोडीला तीळ-कुटातली दोडक्याची भाजी, वाफाळता भात आणि हातावर थापलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या. बाईंनी कौतुकाने ताकाचा तांब्या आणला. आजी म्हणाल्या, ‘‘घेवड्याबरोबर ताक नको, बाई. द्विदल होतं. आमच्यात कडधान्यावर दही-ताक घेत नाहीत.’’ बाईंनी हे प्रथमच ऐकले. ‘‘बरं, राहू दे मग,’’ म्हणत त्यांनी तांब्या परत नेला आणि येताना आणखी एक भाकरी घेऊन आल्या.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी पाच ताटे एकदम मांडली गेली. आजींनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मुलगा आईच्या ताटाकडे पाहत राहिला. आपली आई बाहेरगावी पोटभर जेवताना आपण प्रथमच पाहत आहोत, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याचा घास क्षणभर हातातच राहिला.

रात्री मुक्कामाच्या खोलीत आजींनी सर्वांना जवळ बसवले. ‘‘परवा क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागितली, पण एक राहून गेली. इतकी वर्षं मी भूक नाही म्हणत आले. ते खोटं होतं. तुमची आबाळ नको म्हणून बोलायची. दहा दिवस उत्तम सत्य, उत्तम आर्जव ऐकायचं आणि गाडीत बसून हे बोलायचं. नियम अन्नाचा सांभाळला, बोलण्याचा नाही.’’ कोणाला काय बोलावे ते सुचेना. अखेर सून म्हणाली, ‘‘आई, मला ठाऊक होतं. डबा मीच विसळत होते. मी विचारलं नाही. तुमच्याआधी क्षमा मी मागायला हवी.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी कुटुंब कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या समाधीच्या दर्शनाला गेले. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. मुलांच्या जेवणाची अडचण आली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांतून ही गोष्ट आज्या नातवंडांना सांगत आल्या आहेत. नातवाने ती अनेकदा ऐकली होती. त्या सकाळी आजींनी तिला एक वाक्य जोडले. ‘‘पंक्तीत बसायला सगळ्यांनी एकच खायला लागत नाही रे. कुणाचं पान मांडायचं राहिलंय का, एवढं बघायला लागतं.’’

निघण्यापूर्वी मोती चौकातून कंदी पेढे घेतले आणि गाडी पुन्हा त्या गल्लीत थांबली. आजींनी पिशवीतून चटणीची पुडी काढली. ब्याडगी मिरची, धणे, तीळ, खोबरे आणि सांगलीची वाळलेली हळद घालून घरी कुटलेली, बिनकांद्याची. ‘‘सासूबाईंसाठी घ्या. आणि आमच्यासारखं कुणी आलं, तर त्यांनाही घाला.’’ बाईंनी पुडी घेतली आणि पाठीला पेन्सिल लावलेल्या वहीत स्वतःचा फोन क्रमांक लिहून पान फाडून दिले. ‘‘पुढच्या खेपेला आदल्या दिवशी सांगा. पाचला पानं मांडून ठेवते.’’

ते पान आता सांगलीच्या घरी फळीवर, रिकाम्या डब्यात आहे.