गंज मधात आणा

आपल्या घराघरांत तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. सायंकाळी मेणबत्ती लागते, त्रिशरण-पंचशील होते. लहान पोरांनाही ते तोंडपाठ असते. मात्र वंदना आटोपून जेवणाची वेळ झाली की पुष्कळ घरांत अजूनही जुनाच क्रम चालतो. आधी पुरुष, मग मुले, मग सुना-मुली आणि सर्वांत शेवटी घरची माय.

२० जुलै १९४२ रोजी आपल्याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. हजारो कष्टकरी स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी सांगितले की, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये. आपल्या आज्या-पणज्यांनी हे कानांनी ऐकले. ही बरोबरी भाताच्या गंजापर्यंत कधी पोहोचणार?

आमच्या घरी ती सासूबाईंनी आणली. एका रात्री त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, गंज इकडे मधात आण. आज सारेच संगं बसू."

सारे बसलो. मुलाने दुसऱ्यांदा भात घ्यायला हात पुढे केला, गंजात पाहिले आणि थांबला. "आजी, तू तर अजून घेतलाच नाही."

"एवढाच तर रायते रोज, बाबू," सासूबाई सहज बोलून गेल्या.

मुलाच्या बाबांनी ते ऐकले. आपल्या ताटातली पोळी मोडून अर्धी त्यांनी आईच्या ताटात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून घरात एक मूठ तांदूळ जास्त शिजू लागला.

भगिनींनो, घरची माणसे वाईट नसतात. गंज चुलीजवळ राहिला की त्याचा तळ फक्त वाढणारीलाच दिसतो. ती "मला भूक नाही" म्हणते आणि सर्वांना ते खरे वाटते. पुढे तिच्या अंगात रक्त कमी भरते, दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणाव्या लागतात. गोळ्या जरूर घ्याव्यात, पण पोटभर वरण-भात आणि भाजी तिच्या हक्काची आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर गंज, भाजी, पोळ्या सारे मधात ठेवा. मुलांनाच वाढू द्या. पहिले ताट आजीचे वाढायला सांगा, आणि आई बसल्याशिवाय कोणी घास घेऊ नये. यासाठी पैसा लागत नाही.

जयभीम!