लाटेचें शिखर

इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनीस कांचेची उभी नळी जोडली व तींत रक्त आठ फुटांहून अधिक चढलें, असें १७३३ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेवलें. (त्या घोडीचें पुढें काय झालें, हें न विचारलेलें बरें.) रक्तदाब ही तेव्हां डोळ्यांना दिसणारी वस्तु होती. आज अतिदक्षता विभागांत मनगटाच्या धमनींत बारीक नळी, तींत मिठाचें पाणी, पुढें दाबाचे विद्युत्संकेत करणारें यंत्र, आणि उशाशीं पडदा. वाटेंत एक गाळणी असते; तिला फिल्टर म्हणतात.

नाडीची लाट दिसते एक, पण ती अनेक लहान लाटांची बेरीज असते. नाडी मिनिटास ६० असली तर मूळ लाट सेकंदास एक. तिचें शिखर नीट उमटावयास सुमारें दहापट वेगाच्या लाटाही लागतात. फिल्टर १२ हर्ट्झवर असला तरी यांतलें फारसें हरवत नाहीं. तीच नाडी १२० झाली कीं हिशेब २० हर्ट्झवर जातो आणि शिखर छाटलें जातें. उलट फिल्टर ४० वर मोकळा सोडावा, तर नळीची स्वतःची थरथरही रक्तदाब म्हणून मिरवूं शकते. सरासरी दाब मात्र दोहींकडे बहुधा ढळत नाहीं. आमच्या वऱ्हाडांतल्या जिनांत रुईपासून सरकी निराळी करतात. पण तेल काढणारा सरकीला कचरा म्हणत नाहीं.

हा केवळ पदार्थविज्ञानाचा तास नव्हे. आमच्या वडील भगिनींच्या मेंदूंत रक्तस्राव झाला, तेव्हां त्यांस अकोल्यास ठेविलें होतें व आम्ही अमरावतीहून जात असूं. अशा रुग्णाचा वरचा आंकडा बहुधा १४० च्या आसपास राखतात. त्यांची खाट बदलली आणि १५२ चे १३८ झाले. "मामा, उतार पडला!" भाचा हर्षानें म्हणाला. नाडी ११० ची होती. परिचारिकेनें पडद्याकडे पाहिलें व नळींतून पाण्याचा जोराचा झोत सोडला. रेषा ताठ वर गेली, झोत थांबतांच खालीं येऊन एकदां-दोनदां हेलकावली व स्थिरावली. नळींत बुडबुडा वा गुठळी नव्हती. "काका, या पडद्याचा फिल्टर खालीं आहे," असें म्हणून तिनें तो पहिल्या खाटेवरच्याप्रमाणें केला. आंकडा पुन्हां १५२ वर गेला. डॉक्टरांनीं औषध किंचित वाढविलें. भाचा मात्र त्या बाईंवर संध्याकाळपर्यंत रुसून होता!

फिल्टरचा आंकडा कागदावर कोठेंच लिहिलेला आम्हांस आढळला नाहीं. रक्तदाब दर तासास लिहितात; तो कोणत्या गाळणींतून आला, हें मात्र नव्या परिचारिकेनें यंत्राच्या पोटांत शिरून शोधावयाचें. दोन्ही नोंदी एकाच ओळींत असाव्यात, एवढेंच आमचें मागणें आहे.