पंगतीतून उठलेला पेत्र

निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आमची दिंडी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि नगर जिल्ह्यातून पंढरीकडे जाते. वाटेवरच्या एका गावात एका निवृत्त गुरुजींचे घर आहे. घर ख्रिस्ती. पालखीच्या दिवशी गुरुजी दारात पाण्याचा माठ भरून ठेवतात, चहाचे पातेले चढवतात आणि येणाऱ्याला म्हणतात, "माउली, बसा घटकाभर." सलग तीन वर्षे मी त्या ओट्यावर बसून चहा घेतला.

चौथ्या वर्षी कप हातात असतानाच आमच्या दिंडीतली जुनी माळकरी मंडळी मागून येताना दिसली. ज्या घरी मांस शिजते तिथले पाणीही घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम. मला कोणी काही बोलले नाही. मीच कप गुपचूप खाली ठेवला, उठलो आणि टाळ वाजवत त्यांच्यात मिसळलो. वळून पाहिले तेव्हा गुरुजी तो भरलेला कप उचलून आत नेत होते.

चंद्रभागेचे स्नान झाले, कळसाचे दर्शन झाले, पण तो कप डोळ्यांपुढून हलेना. परत येताना मध्येच एसटीतून उतरून मी गुरुजींकडे गेलो आणि क्षमा मागितली. ते हसले. म्हणाले, "माउली, तुमच्या आधी आमच्या पेत्रानेही हेच केलंय." मग नवा करार काढून त्यांनी गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय माझ्यापुढे ठेवला.

ही गोष्ट पहिल्या शतकाच्या मध्यावरची, अंत्युखिया नगरातली. येशूला मानणारे पहिले लोक यहुदी होते. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे शुद्ध-अशुद्ध हे सारे त्यांना मोशेच्या नियमशास्त्रातून आलेले. पुढे परराष्ट्रीय लोकही येऊ लागले आणि अंत्युखियात दोघे एका पंगतीला बसू लागले. येशूचा थोरला शिष्य पेत्रही त्यांच्यात जेवत असे. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली. त्यांच्या भीतीने पेत्र मागे सरला, वेगळा जेवू लागला. त्याचे पाहून इतर यहुदीही उठले. पौलाचा जिवलग सोबती बर्णबासुद्धा! तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर विचारले, तू स्वतः यहुदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, मग त्यांनी यहुदी व्हावे अशी बळजबरी का?

वाचताना वाटले, ही माणसे माझ्या दिंडीतलीच आहेत.

पण यरुशलेमची माणसे दांभिक होती असे समजू नये. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास अंत्युख राजाने सुंता आणि शब्बाथ यांवर बंदी घातली, तेव्हा यहुद्यांनी मरण पत्करले पण नेम सोडला नाही. ज्या नेमासाठी आजोबा-पणजोबांनी प्राण दिले, तो सहज कसा सुटेल? माळेसाठी, एकादशीसाठी हाल सोसलेली माणसे आपल्याही घराण्यांत आहेत.

पौलाचे म्हणणे असे की, देव माणसाला आपले म्हणतो ते विश्वासामुळे, कर्मकांड पुरे केल्यामुळे नव्हे. म्हणून सुंता झाल्याशिवाय तू आमचा नाहीस, असे कोणी कोणाला म्हणू नये. यरुशलेमच्या सभेतही परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे लादायचे नाही असे ठरले. मूर्तीला वाहिलेले, रक्त, गळा दाबून मारलेले आणि जारकर्म एवढेच वर्ज्य सांगितले.

मग पौलाने नेम मोडायलाच शिकवले का? गुरुजींनी इथेच मला थांबवले. तीताची सुंता करा असा आग्रह झाला तेव्हा पौल तसूभरही हटला नाही. आणि यहुद्यांमध्ये काम करता यावे म्हणून तीमथ्याची सुंता मात्र त्याने स्वतः केली. रोमकरांच्या पत्रात तर तो सांगतो की, सर्व काही खाणाऱ्याने भाजीपाला खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. माझ्या अन्नाने भाऊ अडखळत असेल तर ते अन्न मी सोडीन. स्वातंत्र्य मिळाले ते एकमेकांची प्रेमाने सेवा करण्यासाठी.

मी विचारले, "हे रोज पाळायचं कसं?" गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांच्या मंडळींनी आतून सांगितले, "वारीच्या चहाचं पातेलं आम्ही वेगळंच ठेवतो हो. त्यात दुसरं काही शिजत नाही."

मान खाली गेली. तीन वर्षे मला वाटत होते, मीच मोठ्या मनाने त्यांच्या दारी बसतो. माझा नेम ती माउली न सांगता वर्षभर सांभाळत होती. आणि तोच नेम पुढे करून मी त्यांच्या दारातून उठलो होतो!

माळ आजही गळ्यात आहे, एकादशी चुकत नाही, मांसाहार नाही. नेम मनाला वळण लावतो, यात शंका नाही. पण नेम मी विठ्ठलासाठी धरला होता. त्या दिवशी तो लोकांच्या नजरेसाठी पाळला. पेत्राचेही तेच झाले. त्याला नियमशास्त्राने उठवले नाही, भीतीने उठवले.

पेत्राने पौलाला काय उत्तर दिले, ते पत्रात लिहिलेले नाही. माझे उत्तर मी पुढच्या वारीला दिले. ओट्यावर बसलो. जुनी मंडळी आली. मी कप हातातच धरला, जागचा उठलो नाही, आणि त्यांना नमस्कार केला. काही न बोलता ती पुढे गेली. एक वृद्ध माळकरी मात्र थांबले. त्यांनी चहा घेतला नाही. पण गुरुजींच्या पाया पडले, आणि गुरुजी त्यांच्या.

रामकृष्ण हरी.