नादाचा मूळ पाठ

बेस गिटार वाजवणाऱ्या मंडळींत एक वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. जुनी वाद्ये, जुने पिकअप आणि जुनी इफेक्ट पेडल यांतून येणारा नाद तेवढा खरा, असे एका पक्षाचे म्हणणे. जुन्याचे हे कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन असून आजची उपकरणे सर्वार्थाने सरस आहेत, असे दुसऱ्याचे. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि विद्यार्थिदशेपासून हे वाद्य हौसेने वाजवतो. आमच्यातला एक पहिल्या पक्षाचा, दुसरा दुसऱ्या. वर्गात ‘अभिजात’ हा शब्द उच्चारताना आपण ज्या पेचात सापडतो तोच पेच या वादातही आहे, असे आम्हांला हळूहळू जाणवू लागले. इथे तो कानांना ऐकू येतो, इतकेच.

जुन्या पक्षाचे आराध्यदैवत म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन. त्याचे वाद्य १९६२ सालचे फेंडर प्रिसिजन. त्यावर सपाट वेढ्यांच्या जाड तारा असत आणि तो त्या सहसा बदलत नसे. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंजाची पट्टी, आणि तार छेडायला उजव्या हाताची केवळ तर्जनी. तारा जुन्या झाल्या की त्यांतली झळाळी मरते, आणि स्पंजामुळे स्वर लांबत नाही. उरतो तो गोल, लाकडी, पटकन विझणारा नाद. आज जगभरचे वादक त्या नादासाठी झुरतात. परंतु खुद्द जेमर्सनची भूमिका काय होती? तो मूळचा उभ्या डबल बेसचा वादक. प्रिसिजन बेस बाजारात आला १९५१ साली आणि त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला १९५७ मध्ये. म्हणजे जेमर्सनने हे वाद्य हाती घेतले तेव्हा त्याचे वय जेमतेम दशकभराचे होते. ज्याला आज आपण परंपरा म्हणतो ती त्याच्या लेखी बाजारातली नवी वस्तू होती. १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी, ते वाद्य चोरीला गेले. मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावेही बहुधा छापली जात नसत. मार्विन गेच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती आली. वर्षानुवर्षे लोकांनी नाद ऐकला, हात कोणाचा ते त्यांना ठाऊक नव्हते.

पेडलांची कथा याहून बोलकी आहे. नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन सहातारी बेस वाजवत होता. मिक्सिंग टेबलाच्या एका भागात बिघाड झाला आणि त्याचा स्वर फाटून, घोगरा होऊन बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने पुढे तोच बिघाड मुद्दाम घडवणारे सर्किट तयार केले आणि १९६२ मध्ये ते मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने विक्रीला आले. म्हणजे फझ या प्रकाराचे मूळ एका नादुरुस्त यंत्रात आहे, आणि तेही बेसच्या स्वरात. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात तेव्हा तार घोडीला घासत राहावी, स्वर किंचित झणझणावा, हाच हेतू असतो. दोषालाच घासूनपुसून गुणाच्या पदवीला चढवणे ही कलेची जुनी रीत आहे.

मग ‘मूळ नाद’ नेमका कोणता? पिकअप म्हणजे लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. जुन्या काळी ती तार हाताने धरून यंत्रावर गुंडाळली जाई. वेढे कधी कमी, कधी जास्त. पेडलांतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर एकासारखे दुसरे नसत, आणि हवा तापली की त्यांचा स्वभाव बदले. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेली दोन पेडलदेखील वेगवेगळी वाजत. आज एखादी कंपनी ‘मूळाबरहुकूम’ पेडल काढते तेव्हा ती त्या असंख्य पाठांतला एक पाठ प्रमाण मानते आणि त्याच्या हजारो प्रती करते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा त्यांच्यापुढे पाठभेदांचाच पसारा होता. फरक इतकाच की, संपादक आपण निवड केली हे जाणून असतो. पेडलाच्या खोक्यावर मात्र निवडीचा उल्लेख नसतो, तिथे फक्त ‘अस्सल’ असे लिहिलेले असते.

ही अस्सलतेची हौस कुठवर जाते पाहा. फेंडरने १९९५ पासून कारखान्यातच खरवडलेली, गंजवलेली नवी वाद्ये विकायला काढली. संपत आलेल्या बॅटरीवर फझचा नाद अधिक दमदार लागतो, असा अनेकांचा अनुभव. म्हणून काही आधुनिक वीजपुरवठ्यांवर मरतुकड्या बॅटरीची नक्कल करणारे बटणच असते. नवे तंत्र इथे वार्धक्य पुरवण्याच्या कामाला जुंपले आहे.

नव्या पक्षाची बाजूही लंगडी नाही. जुने फझ पेडल गिटारला शोभते. बेसला लावले की पुष्कळदा तळाचा भरीव स्वर गिळून टाकते. आजच्या पेडलांवर मूळ स्वच्छ स्वर फाटलेल्या स्वरात मिसळण्याची सोय असते, त्यामुळे पाया ढासळत नाही. शिवाय एकेरी वेटोळ्याचा जुना पिकअप घरातल्या विजेची घरघर पकडतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. बेसच्या सर्वांत खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तेच जुने वाद्य नॅशव्हिलला एका स्वरात गुणगुणेल आणि सोलापुरात दुसऱ्या. मूळ नाद जसाच्या तसा आणणे भूगोलालाही मंजूर नाही.

आमच्यापुरता प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. आम्ही ही गाणी ऐकली ती कॅसेटवरून. कॅसेटही कोणाच्या तरी प्रतीची प्रत. त्यात बेस म्हणजे भिंतीपलीकडून येणारा धपधप आवाज. पुढे तेच गाणे सीडीवर ऐकले तेव्हा त्यात बेसची एक अख्खी वळणदार ओळ असल्याचा शोध लागला. गंमत अशी की, आमच्यातल्या जुन्याच्या अभिमान्याला अजूनही ती कॅसेटवरची धपधपच आतून हलवते. ज्या नादाची ओढ लागते तो डेट्रॉइटचा नसतो. आपण जिथून ऐकला त्या खोलीचा असतो.

हे सारे विद्वत्तेपुरतेच राहिले असते. परंतु गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, शिष्यवृत्तीचे साठवलेले सगळे पैसे घालून एक जुने परदेशी पेडल घेऊ का? त्याने सांगितलेली किंमत तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या महिन्याच्या मानधनापेक्षा अधिक होती. आम्ही दोघांनीही, एरवीचा वाद बाजूला ठेवून, नको म्हटले. त्यावर तो म्हणाला, “सर, मग माझा आवाज नकलीच राहणार का?” हा प्रश्न पेडलाचा नव्हता. अस्सल ते दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या मालकीचे असते आणि आपल्या वाट्याला नेहमी प्रतच येते, ही समजूत त्याच्यात कोणीतरी रुजवली होती. वर्गात अभिजात ग्रंथांविषयी ज्या स्वरात बोलले जाते तो स्वर या बाबतीत निर्दोष असेल, असे आम्हांला वाटत नाही.

त्याला आम्ही इतकेच सांगितले की, साधे नवे पेडल घे, आणि उरलेल्या वेळात जेमर्सनची एक ओळ तिच्या सगळ्या उसंतीसकट बोटांत बसव. त्याच्याकडून घेण्यासारखे जे आहे ते विकत मिळत नाही: गायकाला जागा देणे, ढोलाच्या ठोक्याशी इमान राखणे, आणि हाती आलेल्या वस्तूतून, ती नवी असो की झिजलेली, त्या गाण्यापुरता नाद काढणे. जुन्या तारांवर आमच्यातल्या एकाचे प्रेम आहे, ते राहील. दुसरा आपली डिजिटल पेटी सोडणार नाही. वाद चालूच राहावा; मात्र त्याचा भार नव्याने वाजवू लागलेल्या पोराच्या खिशावर आणि आत्मविश्वासावर पडू नये, एवढ्यावर आमचे एकमत आहे.