वॉर्ड क्रमांक आठ

बॉस्टनच्या पार्क स्ट्रीट स्टेशनातून वर आलं की दोन मिनिटांवर विंटर प्लेस हा बोळ लागतो. लॉक-ओबर हे बड्या मंडळींचं रेस्टॉरंट इथलंच. 1970च्या सुमारापर्यंत त्याच्या मुख्य दालनात बायकांना मज्जाव होता! 2012मध्ये ते बंद पडलं. आता तिथे दुसरं रेस्टॉरंट आहे, पण महोगनीचा जुना कोरीव बार शाबूत आहे. तिथे बसून मी ‘वॉर्ड एट’ हे कॉकटेल मागवलं.

बारवाल्याने शेकरमध्ये 60 मिली राय व्हिस्की ओतली. अमेरिकी कायद्याप्रमाणे हिच्या धान्यात किमान 51 टक्के राय लागतं, म्हणून ती बर्बनपेक्षा झणझणीत. मग पिवळ्या लिंबाचा आणि संत्र्याचा रस, 15-15 मिली. शेवटी चमचाभर ग्रेनेडिन, म्हणजे डाळिंबाचा पाक. शेकरला बाहेरून दव धरेपर्यंत हलवून त्याने ते गाळून दिलं. रंग विटकरी, चव आधी आंबट आणि मागाहून तिखट.

आख्यायिका अशी, की 1898मध्ये मार्टिन लोमॅस्नीच्या निवडणुकीतल्या विजयासाठी हे इथेच बनलं. लोमॅस्नी म्हणजे आठव्या वॉर्डाचा दादा. हेंड्रिक्स क्लबात बसून तो आयरिश, ज्यू, इटालियन स्थलांतरितांना नोकरी, घर, कोळसा मिळवून द्यायचा आणि मतं गोळा करायचा. लोक त्याला चक्क ‘महात्मा’ म्हणत. गंमत म्हणजे तो स्वतः दारूला शिवत नसे, असं सांगतात. शिवाय त्या काळी अमेरिकी बारमध्ये ग्रेनेडिन फारसं रुळलेलं नव्हतं. त्यामुळे 1898वर माझा काही विश्वास बसत नाही. नाव मात्र त्याच्याच वॉर्डाचं, यात शंका नको.

तो वॉर्ड बघायला वेस्ट एंड या भागापर्यंत चालत गेलो. बघायला उरलंय काय? 1958पासून नगरपालिकेने ‘झोपडपट्टी’ ठरवून जवळजवळ सगळी वस्ती पाडली, हजारो कुटुंबं उठवली आणि पैसेवाल्यांसाठी टॉवर उभे केले. ‘लोमॅस्नी वे’ अशी एका रस्त्यावर पाटी आहे, तेवढीच महात्म्याची खूण. पुनर्विकासाच्या नावाखाली शहराने केलेला हा सरळसरळ अन्याय होता.

बॉस्टनला गेलात तर आधी तिथलं छोटं वेस्ट एंड म्युझियम बघा, बार नंतर. आणि घरी वॉर्ड एट करणार असाल, तर बाटलीतलं लाल रंगाचं गोड पाणी वापरू नका. डाळिंबाच्या ताज्या रसात तेवढीच साखर विरघळवा.